आतली जागा

फोर्टमध्ये काही काम निघालं की परतताना एशियाटिकच्या पायऱ्यांवर थोडा वेळ टेकायचं, ही माझी जुनी सवय. त्या दिवशी ऊन कलायला आलं होतं, दगड अजून तापलेला होता, आणि पायऱ्यांवर नेहमीसारखी फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. सात-आठ वर्षांची एक मुलगी वडिलांचा हात सोडून वर पळाली. एका खांबाला मिठी मारायला गेली, हात पुरेनात, मग खांबाच्या पन्हळीतून बोट वरून खाली फिरवत राहिली. तिथूनच तिनं ओरडून विचारलं, "बाबा, आत काय आहे?" वडील खाली मोबाइल धरून उभे होते. म्हणाले, "आत काही नाही गं. हे बाहेरूनच बघायचं असतं. ये खाली, फोटो काढू." मुलगी आली, फोटो निघाला, दोघं हॉर्निमन सर्कलच्या दिशेनं निघून गेले. मला मात्र ते वाक्य सोडेना. आत काही नाही कसं? आत एवढं मोठं ग्रंथालय आहे, जुन्या पोथ्या आहेत, उंच छताखाली संथ फिरणारे पंखे आहेत. पण 1833 साली पुरी झालेली ही टाउन हॉलची इमारत ज्यांच्या वळणावर बांधली, त्या ग्रीक देवळांबद्दल त्या गृहस्थांचं म्हणणं जवळजवळ खरंच होतं. ती देवळं बाहेरून बघायची होती. आतली जागा ही नंतर कुणाला तरी सुचलेली गोष्ट आहे, आणि ती सुचायला काही शतकं जावी लागली.

अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवर चढताना पायाखालचा संगमरवर इतका गुळगुळीत झालेला आहे की सांभाळून पाय टाकावा लागतो. दरवाजाची इमारत ओलांडली की पार्थेनॉन, म्हणजे अथीना देवीचं देऊळ, समोर येतं, पण तिरकं, एका कोपऱ्यावर. आणि येतं ते पाठीमागच्या बाजूनं. आपण पश्चिमेकडून चढतो, देवळाचं मुख पूर्वेला. म्हणजे देवीच्या दाराशी जायचं तर आधी तिच्या घराच्या कडेकडेनं, सतरा खांबांच्या रांगेलगत चालत जायला हवं. यज्ञाची वेदी बाहेर, मिरवणूक बाहेर, बळी बाहेर, धूर बाहेर, माणसं बाहेर. आत फिडिअसनं घडवलेली सोन्याची आणि हस्तिदंताची अथीना, साधारण 12 मीटर उंच, दारातून आणि दोन खिडक्यांतून येईल तेवढ्या उजेडात. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. गाभाऱ्यात गर्दीनं मावायचं नसतं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. आज तर पर्यटकांना आत सोडतच नाहीत. दोरीच्या अलीकडून क्रेनची घरघर ऐकत बघायचं.

आणि बाहेरून बघण्यासाठी त्यांनी काय काय केलं आहे! इ.स.पू. 447 ते 432 या काळात इक्टिनोस आणि कॅलिक्रेटिस यांनी हे देऊळ उभं केलं. त्याचं जोतं सपाट नाही. जवळजवळ 70 मीटर लांबीच्या बाजूला ते मध्यभागी साधारण 11 सेंटिमीटर उचललेलं आहे, आखूड बाजूला 6 सेंटिमीटर. पायरीच्या पातळीत डोळा आणून तिच्या कडेनं दूरवर नजर टाकली की तो उतार स्पष्ट दिसतो, आणि एकदा दिसला की देऊळभर जाणवत राहतो. खांब किंचित आत कललेले. कोपऱ्यातले खांब जरासे जाड. प्रत्येक खांबाला पोटात अगदी हलकी फुगवट, वजन पेलताना दंड फुगावा तशी. याचा अर्थ गवंड्याच्या भाषेत सांगायचा तर एकही चिरा दुसऱ्यासारखा नाही. जोत्याला बाक आहे, म्हणून त्यावरचा खांबाचा पहिला टप्पा तिरका घासायचा. खांब कललाय, म्हणून वरची तुळई तिरकी कापायची. डोळ्याला फसवायला हे केलं, असं पुष्कळदा सांगतात. मला ते पुरेसं वाटत नाही. तेवढ्यासाठी कुणी पंधरा वर्षं प्रत्येक दगड वेगळा घडवत बसणार नाही. दगड जिवंत वाटावा, एवढाच हट्ट असावा.

हे दगड कुणी घडवले, याचा हिशेब शेजारच्या इरेक्थेऑन या देवळाचा शिल्लक आहे. इ.स.पू. 409 नंतरच्या कामाचा, दगडावर कोरलेला. त्यात खांबांच्या पन्हळी काढण्याची मजुरी आहे. सिमिअस नावाचा एक पाथरवट, अथेन्सचा नागरिक नव्हे, बाहेरून येऊन राहिलेला. तो आणि त्याचे गुलाम एकाच खांबाभोवती बसून छिन्नी चालवतायत. रोजाची मजुरी एक ड्राख्मा, नागरिकाला तीच, परक्याला तीच, गुलामालाही तीच. फक्त गुलामाची मालकाच्या हातात पडायची. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आधी बरं वाटलं आणि मग वाटेना. एकाच खांबाची एक पन्हळ मालकानं काढली, शेजारची गुलामानं, आणि आज दोन्हींवरून बोट फिरवलं तर फरक कळणार नाही. त्या समानतेचं करायचं काय, ते मला अजून उलगडलेलं नाही.

आत जागा का नव्हती, याचं एक कारण दगडाच्या स्वभावातच आहे. दगड दाबाला कणखर, ताणाला कच्चा. दोन खांबांवर आडवी तुळई टाकली की तिच्या खालच्या अंगाला ताण येतो, आणि अंतर वाढवलं तर ती तडकते. पार्थेनॉनच्या खांबांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत साधारण 4.3 मीटर, आणि तेही भल्या थोरल्या तुळयांच्या जोरावर. आतल्या दालनात छपराचं लाकूड धरायला दोन मजली खांबांची रांग उभी करावी लागली. म्हणजे आत शिरलं तरी खांबच. देवी आणि खांब, आणि मध्ये उरेल तेवढी जागा.

पण कमान ग्रीकांना येत नव्हती असं नाही.

तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर, आजच्या दिदिम गावात, अपोलोचं एक अवाढव्य अपुरं देऊळ आहे. इ.स.पू. 300 च्या सुमारास सुरू झालं, शतकानुशतकं काम चालत राहिलं, पुरं कधी झालंच नाही. खांब जवळजवळ 20 मीटर उंच. त्यांच्या रानातून पुढे गेलं की समोर दार येतं, पण त्याचा उंबरा छातीपेक्षा उंच. ते दार माणसांनी ओलांडायचं नव्हतंच. वाट आहे ती दोन बाजूंच्या अरुंद, उतरत्या बोगद्यांतून. आणि त्या बोगद्यांचं छत कमानीचं आहे, नेटकं, बिनचूक. अंधारात भिंतीला हात लावत खाली उतरलं की एकदम डोळे दिपवणाऱ्या उजेडात, मोकळ्या चौकात येतो आपण. चारी बाजूंना उंच भिंती आणि वर आकाश. एवढ्या मोठ्या देवळाला छप्परच नाही. कमान जमत होती, ती वाटेत वापरली, आणि जिथं खरी जागा होती तिथं आभाळ ठेवलं.

याच चौकाच्या भिंतींवर 1979 साली लोथर हासेलबेर्गर या जर्मन अभ्यासकाला बारीक रेघा दिसल्या. तिरप्या उन्हात जेमतेम दिसतील अशा, कोरलेल्या. ते देवळाचे नकाशे निघाले. कागद नाही, तर भिंतच कागद. खांबाच्या फुगवटीची आकृतीही तिथं आहे, आणि ती काढण्याची युक्ती अशी की रुंदी खऱ्या मापाची ठेवायची आणि उंची सोळाव्या हिश्शाइतकी आखडायची. मग ती सूक्ष्म फुगवट वर्तुळाच्या कंसानं काढता येते आणि पाथरवटाला प्रत्येक उंचीवरची जाडी थेट मोजून घेता येते. देऊळ पुरं झालं असतं तर शेवटी भिंती घासून तुळतुळीत केल्या असत्या आणि या रेघा पुसल्या गेल्या असत्या. पार्थेनॉनच्या कारागिरांनी असं काही रेखाटलं असेल तर ते त्यांनीच घासून टाकलं. दिदिममध्ये पैसा, काळ, काहीतरी संपलं, म्हणून आपल्याला त्या माणसाचा हात दिसतो.

छपराखालची मोठी मोकळी जागा पहिल्यांदा अंगावर आली ती देवळात नाही, न्हाणीघरात. नेपल्सच्या पश्चिमेला, समुद्रकाठी, बाया नावाचं गाव आहे. रोमन श्रीमंतांची चैनीची जागा, जमिनीतून गरम पाणी आणि वाफा निघणारी. तिथं एका स्नानगृहाचा घुमट उभा आहे, लोक त्याला मर्क्युरीचं देऊळ म्हणतात. व्यास साधारण 21.5 मीटर, इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासचा. वर मध्यभागी गोल भोक. इथली जमीन ज्वालामुखीच्या हालचालींनी खालीवर होत असते, त्यामुळे घुमटाचं खालचं अंग मातीनं आणि पाण्यानं भरलेलं आहे आणि आपण मधल्याच उंचीवर फळ्यांच्या वाटेवर उभे असतो. हिरवट पाणी, ओल्या चुन्याचा वास, भिंतीवर हलणारी पाण्याची प्रतिबिंबं. तिथं खोकलं तरी आवाज घुमटावरून गोल फिरून परत येतो. दबक्या आवाजात बोललेलंही चारी बाजूंनी ऐकू येतं. ग्रीक देवळाशी उभं असताना आपण कशाकडे तरी बघत असतो. इथं आपण कशात तरी असतो. हा फरक मला वाचून कधी कळला नव्हता.

हे ज्या मसाल्यानं शक्य झालं तोही त्याच गावचा. रोमन वास्तुविद विट्रुव्हियसनं सम्राट ऑगस्टसला अर्पण केलेल्या दहा भागांच्या ग्रंथात बाया आणि व्हेसुव्हियसच्या आसपास सापडणाऱ्या एका भुकटीची माहिती दिली आहे. चुन्यात आणि दगडाच्या तुकड्यांत कालवली की नुसती इमारत नाही, समुद्रातले बांधही पाण्याखाली घट्ट होतात, असं तो सांगतो. ज्यूंचा राजा हेरोड यानं सिझेरियाचं बंदर बांधलं तेव्हा ही भुकटी नेपल्सच्या उपसागरातून जहाजांनी तिथवर नेली. नदीच्या वाळूत तिसरा हिस्सा भाजक्या मातीची चाळलेली भुकटी घालावी, असाही विट्रुव्हियसचा सल्ला आहे. आपल्या वाड्यांच्या चुन्यात सुरखी घालणाऱ्या गवंड्यांना तो ऐकताक्षणी पटला असता. रोमन काँक्रीट आजच्यासारखं ओतत नसत. मसाल्याचा थर पसरायचा, त्यात हातानं दगडाचे तुकडे बसवायचे, परत थर. बाहेरून विटांचा पडदा. आत लोखंडाची सळई नाही. त्यात पांढरे चुन्याचे खडे दिसतात, आणि ते कालवणाऱ्यांच्या हलगर्जीपणाचं चिन्ह समजलं जाई. 2023 साली एमआयटीतल्या अभ्यासकांनी दाखवलं की कळीचा चुना गरम गरम कालवल्यानं ते खडे राहतात, आणि पुढे भेग पडून पाणी शिरलं की तोच चुना विरघळून भेगेत पुन्हा बसतो.

या पद्धतीत सिमिअसची गरज उरत नाही. एकेक चिरा वेगळा घडवायला लागत नाही. थोडे जाणते गवंडी आणि उत्तम सुतार हवेत, कारण सगळा आकार सेंटरिंगच्या लाकडावर अवलंबून. बाकी टोपल्या वाहणारे हात. आणि ते हात रोमकडे, कसे मिळवलेले ते आपल्याला ठाऊक आहे. आतली जागा या मजुरीवर उभी आहे. तरीही बायाच्या त्या घुमटाखालून पाय निघत नाही, हेही तितकंच खरं.

मग खांबांचं काय झालं? ते गेले नाहीत. विट्रुव्हियसच सांगतो की डोरिक घाटाच्या देवळाच्या माथ्यावरचे उभ्या खाचांचे दगडी ठोकळे म्हणजे जुन्या लाकडी देवळांतल्या तुळयांच्या टोकांची आठवण. दगडानं लाकडाचा वेश घेतला. पुढे रोमनांनी कोलोसियमच्या कमानींवर डोरिक, आयोनिक, कोरिंथियन असे तिन्ही घाटांचे अर्धे खांब चिकटवले. भार कमानी घेतात, खांब नुसते उभे. आणि साधारण त्याच सुमाराला आपल्या मावळात कार्ल्याच्या डोंगरात चैत्यगृह कोरलं जात होतं. एकवीरेच्या दर्शनाला जाणाऱ्या कितीतरी जणांनी ते पाहिलेलं असतं. तिथले खांबही काहीच पेलत नाहीत, डोंगर आपला भार आपणच पेलतो. छताखाली सागवानी फासळ्या आहेत, त्या तर त्याहून निरुपयोगी, आणि दोन हजार वर्षं टिकलेल्या. त्यातले काही खांब धेनुकाकटच्या यवनांनी दान दिले, असं ब्राह्मीत तिथंच कोरलेलं आहे. हे यवन मुळात ग्रीक, की पश्चिमेकडून आलेले दुसरे कुणी, यावर वाद आहेत. पण समुद्रापलीकडच्या व्यापाराशी बांधलेली ती माणसं होती, आणि त्यांनी पैसा दिला तो आतून अनुभवायच्या जागेला. रोमकडे माणसं काँक्रीट रचत होती, इथं पाथरवट कातळ काढत होते. मधे उरते ती पोकळी दोन्हीकडे सारखीच ओढ लावते. एशियाटिकच्या त्या खांबाला मिठी मारणाऱ्या मुलीच्या वडिलांची कधी भेट झाली तर मी सांगेन, तिला एकदा कार्ल्याला न्या.

रोमला पँथिऑन या घुमटाच्या देवळात मी पावसात गेले, मुद्दाम. बाहेर छत्र्यांची ढकलाढकली, ओल्या कोटांचा वास, आणि आत शिरताच वर 43 मीटरवर आभाळाचा गोल. जमिनीपासून त्या गोलापर्यंतची उंची आणि घुमटाचा व्यास सारखाच, म्हणजे आत एक अख्खा चेंडू मावेल. नऊएक मीटरच्या त्या भोकातून पाऊस सरळ आत पडतो. वाटेत तो पसरतो, धूसर होतो, आणि खाली संगमरवरावर नुसती चकाकी येते. फरशी मध्यभागी किंचित उंच आहे आणि तिच्यात बारीक छिद्रं आहेत, पाणी तिथून जातं. लोक गोलाच्या कडेनं उभे राहून पाऊस बघत होते, घरात उभं राहून अंगणातला बघावा तसं नाही, तर पाऊसही आत आणि आपणही आत. घुमटाला खणांच्या पाच ओळी, प्रत्येक ओळीत 28 खण. पायात जड ट्रॅव्हर्टाइनचे तुकडे, वर टफ आणि वीट, अगदी माथ्याशी पाण्यावर तरंगणारा हलका प्युमिस. तळाशी 6 मीटर जाड असलेला घुमट भोकापाशी दीड मीटरसुद्धा नाही. आणि इतकं करूनही त्याच्या खालच्या अंगाला उभ्या भेगा गेलेल्या आहेत, बहुधा बांधकामानंतर लवकरच. भेगांमुळे तो घुमट एकमेकांना टेकलेल्या कमानींसारखा उभा राहतो. सळई न घातलेल्या काँक्रीटचा जगातला सर्वांत मोठा घुमट आजही हाच.

सगळे आत येऊन वर बघतात. माझं मन मात्र अडकलं ते बाहेरच्या ओसरीत. या गोल इमारतीच्या तोंडाशी सोळा खांबांची एक ग्रीक वळणाची ओसरी लावलेली आहे, वर ऑगस्टसच्या सोबत्याचं, अग्रिपाचं नाव. इमारत सम्राट हेड्रियनच्या काळात पुरी झाली तरी नाव जुनंच ठेवलं. ओसरीचे खांब इजिप्तच्या ग्रॅनाइटचे, एकसंध. करडे दगड मोन्स क्लॉडियानस या वाळवंटातल्या खाणीतले, गुलाबी आस्वानचे. त्या खाणीत हजारो खापऱ्या सापडल्यात, कामगारांचे निरोप आणि पाण्याच्या वाटपाच्या याद्या लिहिलेल्या. 18 मीटर लांबीचा एक तडकलेला खांब अजून तिथंच पडून आहे. तिथून वाळवंटातून नाईलपर्यंत, नदीतून समुद्रापर्यंत, समुद्रातून टायबरपर्यंत.

आणि एवढं करून खांब आखूड पडले, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. ठरले होते 50 रोमन फुटांचे, आले 40 चे. म्हणजे साधारण 15 मीटरच्या जागी 12. म्हणून ओसरी बुटकी झाली, तिचा माथा मागच्या इमारतीशी जुळेना. जहाज बुडालं, की तेवढे मोठे खांब दुसऱ्या देवळाकडे वळवले, की खाणीत निघालेच नाहीत, यावर तर्क चालू आहेत. सगळ्यांना हा तर्क मान्य नाही. मला पटतो, कारण चौकातल्या कारंज्यापर्यंत मागे सरकून बघितलं की ओसरीच्या त्रिकोणी माथ्याच्या वर, मागच्या विटांच्या भिंतीवर, दुसऱ्या त्रिकोणाची रेघ स्वच्छ दिसते. तिथं पोहोचायचं होतं, पोहोचलं नाही. ओसरीच्या आणि गोल इमारतीच्या कंगोऱ्यांच्या ओळी एकमेकींशी भिडत नाहीत. तोवर त्या काळचा जगातला सर्वांत मोठा घुमट घालून झालेला होता किंवा चढत होता, आणि दाराशी ग्रीकांकडून घेतलेला मुखवटा तीन मीटरनं कमी पडत होता. त्यांनी तो तसाच बसवला. रोमला जाणार असाल तर आत शिरायच्या आधी कारंज्यापाशी उभं राहून ती वरची रेघ शोधा. पावसाळी दिवशी विटा ओल्या असतात तेव्हा ती जास्त उठून दिसते.